गीता ३.३३ : कपाटाला कुलूप लावावं का?



आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला ३३ वा. भगवंत अर्जुनाला सांगतात, की जाणता माणूससुद्धा शेवटी आपल्या प्रकृतीला धरूनच वागतो. सगळे जीव आपापल्या प्रकृतीच्या वाटेनं जातात, मग तिथे दाबून धरण्याचा उपयोग तो काय? 'दाबून धरणं' हे माझे शब्द. मूळ शब्द आहे निग्रह.

खरं सांगायचं तर हा श्लोक आला की मी थोडा बिचकतो, कारण त्याचा सोयीस्कर अर्थ काढणारे सगळीकडे भेटतात. मीटिंगमध्ये ज्युनियरवर आवाज चढवायचा आणि नंतर चहा पिताना "अरे, माझा स्वभावच तसा आहे, मनात काही नसतं" म्हणायचं, असा मॅनेजर तुम्हीही पाहिला असेल. त्याला गीता माहीत नसते म्हणून बरं, नाहीतर हा श्लोक फ्रेम करून त्यानं डेस्कवर ठेवला असता. दुसरीकडे आपण साधना करू पाहणारी माणसं. पहाटेचा गजर, माळ, एकादशी, रात्री दहानंतर मोबाइल बंद. हे सगळं निग्रहच की. शेवटी प्रकृतीच जिंकणार असेल तर हा खटाटोप कशासाठी?

गंमत म्हणजे गीताच इतर ठिकाणी निग्रहाची बाजू घेते. आठच श्लोक पुढे, ४१ व्यात, आधी इंद्रियं आवर असं स्वच्छ सांगितलंय. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना 'आत्मविनिग्रह' येतो. सतराव्यात मनाच्या तपामध्ये तोच शब्द पुन्हा येतो, आणि तिथे त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघा: मनाची प्रसन्नता, सौम्यपणा, मौन. पण त्याच सतराव्या अध्यायात शरीराला छळणाऱ्या तपाला आसुरी म्हटलंय. आणि ३.६ मध्ये, हातपाय आवरून बसायचं पण मनात विषय घोळवत राहायचं, अशा माणसाला सरळ ढोंगी ठरवलंय. म्हणजे निग्रह दोन तऱ्हांचा असला पाहिजे. एक गीतेला हवा असलेला, एक नको असलेला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, मग ओळखायचे कसे?

ही शंका काही आपल्याच पिढीला पडलेली नाही. आद्य शंकराचार्यांनी भाष्यात ती स्वतःच उभी केली आहे. ते म्हणतात, प्रकृती म्हणजे पूर्वी केलेल्या बऱ्यावाईट कर्मांचे संस्कार, जे या जन्मात वर आलेत. आता प्रत्येक जण जर त्यांच्याच मागे जाणार असेल, तर माणसाच्या प्रयत्नाला जागाच उरत नाही आणि सगळं शास्त्र फुकट जातं. आक्षेप असा मांडून मग ते सांगतात, की म्हणूनच पुढचा, राग आणि द्वेषाचा श्लोक आला आहे. प्रकृती माणसाला ओढते ती आवडीनावडीला धरून. प्रयत्न करायचा तो तिथे.

वाचताना हे मला पटायचं. पण नेमकं काय पटलंय ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. यंदा उन्हाळ्यात एक कपाट केलं, तेव्हा ते हाताला लागलं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये देव भिंतीवरच्या एका फळीवर, पोथ्या बेडरूममध्ये, वाती-कापूर-प्रसादाचं सामान स्वयंपाकघरात, अशी फाळणी झालेली होती. एक प्लायचं कपाट होतं, पण फरशी पुसून पुसून त्याचा तळ फुगला होता आणि पापुद्रे सुटले होते. नवीन तयार कपाट दोन दिवसांत घरी आलं असतं. पण शनिवार-रविवार मोकळे होते आणि स्क्रीन सोडून हाताला दुसरं काहीतरी हवं होतं. म्हणून भरीव सागवानात करायचं ठरवलं. साडेतीन फूट उंच, तीन फूट रुंद, वर देव, मधल्या उघड्या कप्प्यात पोथ्या, खाली दोन दारांच्या आड बाकीचं सामान.

लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं, एका पाडलेल्या वाड्याच्या तुळया. जुन्या लाकडात गाभा भरपूर मिळतो. खिळे मात्र एकेक शोधून काढावे लागतात. शिवाय सागात मुळातच सिलिका असते, त्यामुळे रंध्याचं पातं बघता बघता बोथट होतं. माझा निम्मा वेळ धार लावण्यात जायचा. (जपाला बसण्याइतकंच एकसुरी काम आहे ते. मला आवडलं.) शिकवायला आमच्या मागच्या गल्लीतले सुतारकाका होते. जागा त्यांच्या शेडमध्ये, हत्यारं त्यांची, आणि बोलणं अगदी मोजकं.

आता मुद्द्यावर येतो. लाकूड कापलं, वाळलं, रंधून गुळगुळीत केलं, तरी ते गप्प बसत नाही. हवेत ओल वाढली की ओल ओढून घेतं आणि रुंदीत फुगतं. हवा कोरडी झाली की ओल सोडतं आणि आक्रसतं. लांबीत, म्हणजे रेषांच्या दिशेनं, ते जवळजवळ हलतच नाही. रुंदीत मात्र हलतंच. त्यातही फळी ओंडक्यातून कशी कापली आहे त्यावर हलणं कमी-जास्त होतं; एका पद्धतीनं कापलेली फळी दुसऱ्या पद्धतीच्या साधारण दुप्पट हलते. साग या बाबतीत गुणी, इतर अनेक लाकडांपेक्षा कमी चाळे करतो. तरीसुद्धा काकांचा ओलावा मोजायचा मीटर एप्रिलअखेर आमच्या फळीवर ९ टक्के दाखवत होता, आणि तीच फळी ऑगस्टमध्ये १४ वर गेली. तेरा इंच रुंदीच्या पॅनलला यानं दोन ते तीन मिलिमीटरचा फरक पडतो.

दोन-तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पण ते थांबवता येत नाहीत, हे लक्षात घ्या. दगड फोडायला चिरेत लाकडी पाचरा ठोकून त्यांवर पाणी ओतायची जुनी पद्धत होती. फुगणाऱ्या लाकडात तेवढा जोर असतो. मग दाराच्या चौकटीत पॅनल चारही कडांना फेव्हिकॉल लावून घट्ट बसवलं तर काय होईल? पावसाळ्यात ते फुगून चौकटीचे सांधे उचकटेल. उन्हाळ्यात आक्रसायला गेलं की कडा सुटणार नाहीत, म्हणून मधोमध तडकेल. आणि वय झालं म्हणून लाकूड निवळतं असंही नाही. आमच्या तुळया वाड्यात किती पिढ्या राहिल्या कोण जाणे, पण मीटर वर गेला तशा त्याही मुकाट्यानं फुगल्या. श्लोकात 'जाणता माणूससुद्धा' असं का म्हटलंय, ते मला त्या दिवशी जरा वेगळं दिसलं. ज्ञान झालं की प्रकृती विरघळून जाते, असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही.

यावर सुतारांनी शोधलेला उपाय शेकडो वर्षं जुना आहे. दार एका फळीचं करायचंच नाही. चार अरुंद पट्ट्यांची चौकट करायची. एका पट्टीला कुसू, दुसरीला तेवढंच भोक, फेव्हिकॉल, शिकंजा, रात्रभर आवळून ठेवायचं. हा सांधा आयुष्यभर हलता कामा नये. इथे घट्टपणा चालतो, कारण पट्ट्या अरुंद असल्यानं त्यांचं रुंदीतलं हलणं किरकोळ असतं, आणि दाराचं माप ठरतं ते मुख्यतः त्यांच्या लांबीवर, जी हलत नाही. चौकटीच्या आतल्या कडेला खोबणी काढायची आणि रुंद पॅनल त्या खोबणीत नुसतं सरकवायचं. डिंक नाही, खिळा नाही. फार तर वर आणि खाली अगदी मधोमध एकेक बारीक खुंटी, म्हणजे ते फुगलं-आक्रसलं तरी दोन्ही बाजूंना सारखं. मी फेव्हिकॉलची बाटली हातात धरूनच होतो तेव्हा काका म्हणाले, "तिथं नाय लावायचा. तिथं जागा सोडायची."

किती जागा सोडायची, तेही महिन्यावर ठरतं. एप्रिलमध्ये लाकूड कोरडं, सगळ्यात बारीक असतं. तेव्हा खोबणीत सढळ मोकळीक ठेवावी लागते. तेच काम ऑगस्टमध्ये केलं तर पॅनल जवळजवळ पुरतं बसवायचं, कारण यापेक्षा मोठं ते होणार नाही. पॉलिश चौकटीत घालण्याआधीच सगळ्या अंगाला करून घ्यायचं, नाहीतर उन्हाळ्यात पॅनल आक्रसलं की कडेला कोऱ्या लाकडाची पट्टी उघडी पडते. पॉलिशनं ओल शिरायची थांबत नाही, फक्त सावकाश शिरते. आणि सगळ्यात झपाट्यानं ओल ये-जा करते ती फळीच्या टोकांतून, जिथे रेषा कापल्या गेलेल्या असतात. वखारीत ओंडक्यांच्या टोकांना रंग फासलेला दिसतो तो शोभेसाठी नसतो. टोकांतून ओल भसकन निघून गेली तर ओंडका चिरतो.

शंकराचार्यांचा मुद्दा मला इथे दिसला. हवेतली ओल आपल्या हातात नाही, लाकडाचं हलणं आपल्या हातात नाही, पण ओल कुठून घाईनं आत येते ते ठाऊक असेल तर तेवढी जागा बंद करता येते. आवड-नावड ही आपली कापलेली टोकं. मला राग कुठे येतो हे मी दोन-तीन वर्षं जरा लक्ष देऊन पाहिलंय. रात्री अकरानंतर येणाऱ्या ऑफिसच्या मेसेजमधून तो येतो. तो स्वभाव जाईल का, सांगता येत नाही. अकरानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं मात्र जमतं.

आणि निग्रहाच्या दोन तऱ्हाही दिसल्या. चौकट हा निग्रहच आहे, आणि कडक आहे. सांधा ढिला असलेली चौकट कुणी 'उदार' म्हणून वाखाणत नाही, ती भंगारात जाते. मघाच्या मॅनेजरला नेमकं हेच नको असतं: त्याला पॅनलची मोकळीक हवी, चौकट नको. चौकटीशिवायची रुंद फळी पिळते, वाकते, दार लागेनासं होतं. उलट टोकाचा साधक पॅनललाही फेव्हिकॉल लावतो. माझ्यापुरतं सांगायचं तर माळ घेऊन बसायची वेळ ही चौकट. इच्छा आहे का, मूड आहे का, हे तिथे विचारायचं नाही. बसल्यावर मन डिप्लॉयमेंटकडे गेलं, क्रिकेटकडे गेलं, तर त्याची खोबणी तेवढी मोकळी ठेवली आहे. जिथे जाईल तिथून परत आणायचं, हे ६.२६ चं सांगणं. जाऊच नको असं तिथे म्हटलेलं नाही.

इथपर्यंत मी खुशीत होतो. श्लोक सुटला, कपाटही होत आलं. मग मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, दारं बसवायच्या आदल्या दिवशी, बायको म्हणाली, "खालच्या दारांना कुलूप बसव."

बाबा ७१ वर्षांचे आहेत. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. आई गेल्यावर, गेल्या वर्षीपासून, आमच्याकडे राहतात. मधुमेह १६ वर्षांचा जुना. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ती तपासणी असते ना, तिचा मेमधला आकडा ९.२ होता. बाबा गोडाचे शौकीन आहेत असं म्हटलं तर ते अपुरं होईल. त्यांच्या लेखी गोड म्हणजे देणं. खिशात खडीसाखर असते, लिफ्टमध्ये भेटलेल्या पोरांच्या हातावर पडते. आरती झाली की पेढे वाटायचा मान त्यांचा, आणि वाटता वाटता दोन त्यांच्याच तोंडात जातात. रात्री पाणी प्यायला म्हणून उठतात आणि सकाळी गुळाचा डबा हलका झालेला असतो.

बायकोचं म्हणणं हट्टाचं नव्हतं. तिच्या मोठ्या मामांचा पाय याच आजारात घोट्याच्या वर काढावा लागला. ड्रेसिंग करायला तीच जायची, तेव्हा ती कॉलेजात होती. ती म्हणाली, "जागा सोडा, जागा सोडा, हे लाकडाला ठीक आहे. बाबांचा पाय गेल्यावर तुझा श्लोक काय करणार?"

याला माझ्याकडे झटकन देण्याजोगं उत्तर नव्हतं. मी पितळी कडी आणि छोटं कुलूप आणून ठेवलं. बाबांनी ते टेबलावर पाहिलं, उचललं, वर्कशॉपवाल्याच्या नजरेनं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "कुलूप चांगलंय. पण तुझ्या बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरून आहेत. चार स्क्रू काढले की दार हातात." मग जरा थांबून म्हणाले, "मला एक सांग. हे कुणासाठी आणलंयस?"

तेव्हापासून हा श्लोक माझ्यापुरता राहिला नाही. स्वतःचा निग्रह कसा करावा यावर गीतेत हवं तेवढं मिळेल. दुसऱ्याचा निग्रह करावा का? शब्दच 'आत्मविनिग्रह' आहे. अर्जुनाला कुणाची इंद्रियं आवरायला सांगितली असतील तर ती त्याची स्वतःची. सुताराची उपमाही नेमकी इथे तुटते. पॅनलला मत नसतं. किती जागा सोडायची ते सुतार ठरवतो. मी बाबांचा सुतार नाही. झालंच तर उलट आहे, मला रंधून काढलं ते त्यांनी.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर ती पळवाट झाली असती. "त्यांची प्रकृती, त्यांचं आयुष्य" असं म्हणून मोकळं होणं म्हणजे पुन्हा त्या मॅनेजरचाच अर्थ, फक्त दुसऱ्याच्या वतीनं काढलेला. त्यात प्रेम थोडं आणि स्वतःची सुटका जास्त. आमच्या मुलीच्या हाताला लागू नयेत म्हणून औषधं आम्ही वरच्या कप्प्यात बंद ठेवतोच. तिथे कुणी तिचं स्वातंत्र्य काढत नाही. उद्या बाबांची स्मृती मंदावली, काय खाल्लं तेच त्यांना आठवेनासं झालं, तर मी कुलूप लावीन आणि बिजागऱ्याही आतून बसवीन. पण आज ते तसे नाहीत. आज त्यांना वर्तमानपत्रातला प्रत्येक अग्रलेख पाठ असतो. कुलूप लावणं म्हणजे गूळ बंद करणं एवढंच नव्हतं. तुमच्याकडे विवेक उरलेला नाही, असं आम्ही त्यांना लाकडात आणि पितळेत लिहून दिलं असतं, आणि तेही देवांच्या पायाशी.

त्या आठवड्यात मी अठरावा अध्याय काढून बसलो. शेवटाकडे, ५९ आणि ६० व्या श्लोकांत भगवंत पुन्हा हाच मुद्दा आणतात आणि जास्त कडक शब्दांत. लढणार नाही असं तू म्हणतोयस खरा, पण तो निश्चय टिकणार नाही, तुझी प्रकृतीच तुला कामाला लावील. आता इतकं सांगितल्यावर पुढे काय अपेक्षित आहे? हुकूम. ते येत नाही. ६३ व्या श्लोकात ते म्हणतात, गुप्ताहूनही गुप्त असं ज्ञान सांगून झालं. याचा पुरता विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. मला नेहमी वाटतं, की या श्लोकावर आपण घाईनं पुढे जातो, कारण ६६ वा जास्त प्रसिद्ध आहे. ज्याला समोरच्याची प्रकृती आरपार दिसते आहे, तोही निर्णय समोरच्याच्या हातात देतो. आणि देऊन निघून जात नाही. लगाम हातात तसेच आहेत, रथावरून उतरलेला नाही. आधीही गुळमुळीत बोललेला नाही. हातपाय गाळून बसलेल्या अर्जुनाला दुसऱ्या अध्यायात काय काय ऐकवलंय ते आठवा.

मी कुणी कृष्ण नव्हे, हे सांगायला नको. पण त्यातून दोन गोष्टी घेता येत होत्या: सगळं समोर ठेवायचं, आणि निर्णय झाल्यावर जवळ राहायचं.

एका रविवारी आम्ही तिघं रिपोर्ट घेऊन बसलो. बायकोनं मामांची गोष्ट बाबांना पहिल्यांदाच पूर्ण सांगितली, वासासकट. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनीच वही आणली. घट्ट काय राहील, ते ठरलं. गोळ्यांची वेळ चुकवायची नाही. सोमवार-गुरुवार सकाळी उपाशीपोटी साखर बघायची आणि आकडा त्यांनी स्वतः लिहायचा, वर्कशॉपमध्ये लॉगबुक लिहीत तसा. रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या मधली जागा बायको टॉर्च लावून बघणार. बाबांना हे फार जड गेलं, सुनेसमोर पाय पुढे करणं. पण लिहिलं. मोकळं काय राहील, तेही लिहिलं: आरतीनंतरचा प्रसाद बाबाच वाटणार, आणि त्यातला एक छोटा तुकडा त्यांचा. डॉक्टरांना विचारून तो दिवसाच्या हिशेबात धरला. नैवेद्य रोज गोडाचाच हवा का, हा प्रश्न बायकोनं काढला. ९.२६ मध्ये पान, फूल, फळ आणि पाणी एवढंच आहे, पेढ्याचा उल्लेख कुठेच नाही, हे तिनं शोधून काढलं होतं. तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार आमच्याकडे देवाला फुटाणे आणि शेंगदाणे असतात. बाबा म्हणाले, "देवालाही पथ्य लावलंत."

दारांना कुलूप नाही. गुळाचा डबा खालच्याच कप्प्यात आहे.

ऑगस्टचा रिपोर्ट ८.४ आला. डॉक्टर खूश नव्हते. कमी झालंय पण पुरेसं नाही, म्हणाले. गूळ अजूनही अधूनमधून कमी होतो. मला दिसतं, मी विचारतो. कधी ते हो म्हणतात, कधी विषय बदलतात. बायकोचं मत बदललेलं नाही. तिच्या मते तीन महिने ही काही परीक्षा नव्हे, आणि ते पितळी कुलूप तिनं आपल्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवलंय. तिचं चुकतंय असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. बाबांचा पाय आणि बाबांचा मान यांतलं काय आधी, असं कुणी मला रात्री दोन वाजता उठवून विचारलं तर मी पाय म्हणेन. सकाळी विचारलं तर कदाचित वेगळं सांगेन.

कपाटाचं म्हणाल तर बाबांनी त्याचंही लॉगबुक सुरू केलंय. पॅनल मी चौकटीच्या पातळीत आणलंय, त्यामुळे दोघांमधली फट पुढून दिसते. पहिल्या दिवशी ती बघून ते म्हणाले होते, "इंजिनिअर ना तू? एवढी फट?" आता त्यांच्या जुन्या ट्रंकेतलं फीलर गेज त्यांनी काढलंय आणि महिन्यातून एकदा ती फट मोजतात. मेमध्ये २ मिलिमीटर होती, परवा ०.८ भरली. साखरेच्या आकड्यांच्याच वहीत, मागच्या पानावर लिहून ठेवतात. दिवाळीनंतर पुन्हा किती उघडते ते बघायचंय म्हणे.

सध्या घरात वेगळाच विषय आहे. गणपती तोंडावर आलेत. उकडीचे २१ मोदक होणार, त्यांतले बाबांच्या वाट्याला किती, यावर सासरे-सुनेच्या वाटाघाटी चालू आहेत. कालपर्यंत बाबा तीनवर होते आणि ती एकावर.

उद्या ३.३४. राम कृष्ण हरी.